तोळाभर शिसं आणि वारा

भुकूमहून बालेवाडीच्या नेमबाजी रेंजला निघालं, की भूगाव ओलांडल्यापासून चांदणी चौकापर्यंत गाडी बहुतेक सकाळी रांगतच जाते. मागच्या सीटवर रायफलची लांब पेटी आडवी ठेवलेली, शेजारी मुलगी. अशाच एका सकाळी तिनं विचारलं, "बाबा, जड गोळी घेतली तर वारा कमी लागेल ना?" ती ५० मीटर प्रोन मारते, म्हणजे पालथं पडून, पॉइंट टू-टूच्या रायफलनं. आदल्या दिवशी सरावात डावीकडून वारा सुटला होता आणि तिच्या चांगल्या सुटलेल्या गोळ्या एकामागून एक उजवीकडे गेल्या होत्या. मी "हो" म्हणालो. ते उत्तर निम्मंच खरं होतं. उरलेलं निम्मं मिळवायला मला पुष्कळ वाचावं लागलं, आणि वाचताना ही गोष्ट इतकी देखणी निघाली की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी वजनाचं माप. नेमबाजीच्या जगात गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. ७,००० ग्रेनचा एक पौंड. हे माप परकं वाटतं, पण ते आपल्या सराफकट्ट्यावर केव्हाच येऊन बसलेलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीनं १८३३ मध्ये तोळ्याचं वजन ठरवलं ते बरोबर १८० ग्रेन. म्हणजे मासा १५ ग्रेनचा, आणि गुंज दोन ग्रेनला जराशी कमी. आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात १० ग्रॅम असतात, आणि १० ग्रॅम म्हणजे १५४ ग्रेन. हजार यार्डांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा नियम ज्या गोळीवर बेतलेला आहे, ती १५५ ग्रेनची. आजीच्या पाटल्यांचं वजन ज्या तोळ्यात आपण मोजतो, जवळजवळ तेवढंच शिसं आणि तांबं ९१४ मीटर लांब भिरकवायचं आणि वीस इंचांच्या वर्तुळात उतरवायचं, असा हा खेळ आहे.

वजन कशासाठी, हे गोफण फिरवणाऱ्याला सांगावं लागत नाही. मुळशीच्या भातपट्ट्यात गोफण फारशी दिसत नाही, पण देशावर ज्वारी राखणाऱ्याला विचारा. वाळलेलं ढेकूळ आणि तेवढ्याच आकाराचा दगड गोफणीतून सारख्याच जोरात सोडला, तर ढेकूळ लवकर थकतं. दोघांचं तोंड सारखंच रुंद, म्हणून हवा दोघांना सारखीच अडवते. पण दगडाच्या अंगात जास्त माल असल्यानं तेवढ्याच अडवणुकीनं त्याचा वेग कमी घटतो. गोळीचंही तसंच. पॉइंट थ्री-झिरो-एट, म्हणजे हजार यार्डांच्या या खेळातल्या रायफलीच्या, नळीतून जाणारी प्रत्येक गोळी तेवढ्याच जाडीची असते. त्यामुळे तिला जड करायचं तर लांब करावं लागतं. लांब गोळीचं नाक अधिक निमुळतं करता येतं, शेपटाकडचा भागही हळूहळू निमुळता करता येतो, आणि हवेतून ती अधिक सहज सरकते. जास्त वजन आणि सडपातळ देह हे दोन्ही फायदे एकत्र येतात.

मग वाऱ्याचं काय? वारा गोळीच्या कुशीला धक्का देत देत तिला बाजूला सारतो, अशी आपली सगळ्यांची समजूत असते. तसं असतं तर गोळी जितका वेळ हवेत, त्या हिशेबानं ती सरकली असती, आणि जास्तीत जास्त वेगवान गोळी निवडली की काम भागलं असतं. प्रत्यक्षात घडतं ते निराळं. नळीतल्या पिळांमुळे गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते आणि त्या फिरण्यानं स्थिर राहते. आडव्या वाऱ्यात शिरल्या शिरल्या ती आपलं नाक किंचित वळवते आणि अंगावर येणाऱ्या हवेला सामोरी होते. हे वळणं डोळ्याला दिसणार नाही इतकं थोडं असतं. पण आता हवेचा विरोध तिला नेमका मागे न ओढता जरासा तिरका ओढतो, आणि त्या तिरकेपणातला आडवा भाग तिला बाजूला नेतो. याचा अर्थ असा, की हवेचा विरोध जिला मुळी होतच नाही अशी गोळी असती, तर तुफानातही ती सरळ गेली असती.

एकोणिसाव्या शतकात इसिदोर दिदिआँ नावाच्या फ्रेंच तोफखान्याच्या अधिकाऱ्यानं याचा नियम मांडला, आणि तो इतका सोपा आहे की शाळेतल्या मुलाला कळेल. गोळीला लक्ष्यापर्यंत पोचायला प्रत्यक्ष लागलेला वेळ घ्या. वाटेत हवाच नसती तर किती वेळ लागला असता तो काढा. पहिल्यातून दुसरा वजा करा. जो उरला तो हवेपायी गमावलेला वेळ. त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगानं गुणलं, की गोळी किती सरकेल ते मिळतं. एकूण वेळ किती लागला याला महत्त्व नाही. हवेनं त्यातला किती खाल्ला, एवढंच मोजायचं.

हा नियम हातात घेऊन हजार यार्डांवर दोन गोळ्या सोडून पाहू. एक १५५ ग्रेनची, सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगानं निघणारी. दुसरी २०० ग्रेनची, जुन्या मापानं एक तोळा, एक मासा आणि वर सुमारे पावणेतीन गुंजा. काडतुसाची पितळी कोठी तीच, दारू मावेल तेवढीच, आणि आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे नेता येत नाही. म्हणून जड गोळी सावकाश निघते, सेकंदाला ८१० मीटरच्या आसपास. हवा नसती तर हलकी गोळी १.०२ सेकंदात पोचली असती आणि जड गोळी १.१३ सेकंदात. प्रत्यक्षात दोघींनाही साधारण दीड सेकंद लागतो. हलकी सुरुवातीला पुढे निघून जाते, पण वाटेत वेग गमावत जाते. जड मागून निघून शेवटच्या टप्प्यात तिच्या बरोबरीला येते. एकूण वेळ जवळजवळ सारखा, तरी हिशेब वेगळा. हलकीनं अर्धा सेकंद गमावला, जडनं जेमतेम ०.३८ सेकंद. सेकंदाला एक मीटर, म्हणजे चेहऱ्याला नुसता जाणवेल इतका आडवा वारा असेल, तर पहिली ढोबळमानानं ५० सेंटीमीटर सरकते आणि दुसरी ३८.

अमेरिकेत हजार यार्डांसाठी जे लक्ष्य वापरतात, त्यावर १० गुणांचं वर्तुळ २० इंच व्यासाचं, ९ चं ३० इंचांचं आणि ८ चं ४४ इंचांचं असतं. म्हणजे एवढीशी झुळूक ओळखायची राहून गेली, तर मधोमध लागणारी १५५ ग्रेनची गोळी आठात जाते आणि २०० ग्रेनची नवाच्या रेषेवर. एका गोळीमागे एक गुण. स्पर्धेत अशा कित्येक गोळ्या झाडायच्या असतात. जड गोळीच्या मागे माणसं का लागतात ते इथं कळतं.

या सगळ्याच्या मुळाशी हवेचा विरोध आहे, आणि तो पहिल्यांदा नीट मोजणारा माणूस आपल्याच देशाच्या मातीत विसावला आहे, हे मला फार भावलं. बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणिती. १७४२ मध्ये त्यानं तोफविद्येवरचं पुस्तक काढलं. जड लाकडी लंबकावर गोळी झाडायची आणि लंबक किती झुलला यावरून गोळीचा वेग काढायचा, ही युक्ती त्याची. लंबक कमी-जास्त अंतरावर ठेवून त्यानं पाहिलं, की हवा गोळीचा वेग किती खाते. तोवर तोफखान्यातले पंडित हवेचा विरोध नगण्य मानून सुबक कमानी आखत होते. रॉबिन्सनं दाखवलं की हा विरोध गोळीच्या वजनाच्या अनेक पट असतो, आणि आवाजाच्या वेगाच्या जवळपास तो एकदम उसळतो. पुढे ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला किल्ल्यांच्या बांधकामासाठी हिंदुस्थानात पाठवलं. १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो तापानं गेला. चव्वेचाळीस वर्षांचं आयुष्य. आजचा कुठलाही नेमबाज वाऱ्याचा तक्ता काढतो तेव्हा त्याच्या मागे हा लंबक झुलत असतो.

जड गोळी एवढी गुणाची, तर मग सगळे तीच का घेत नाहीत?

पहिलं उत्तर नियमांत आहे. लांब पल्ल्याच्या नेमबाजीची पाल्मा नावाची जुनी सांघिक स्पर्धा आहे; तिची सुरुवात १८७६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर झाली. त्या काळी काळ्या दारूवर गोळीला फार वेग देता येत नसे, म्हणून वजन हाच एक मार्ग होता. पाचशेहून जास्त ग्रेनच्या, जवळजवळ तीन तोळ्यांच्या शिशाच्या कांड्या लोक झाडत. आज पाल्मा आणि त्या घराण्यातली टार्गेट रायफल स्पर्धा मुख्यतः पॉइंट थ्री-झिरो-एटच्या काडतुसावर होते, आणि आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्याची गोळी १५६ ग्रेनपेक्षा कमी असावी लागते. पट्टा हाताला आवळून, उघड्या डोळ्यानं, दुर्बिणीशिवाय. सगळ्यांची गोळी एकाच वजनाची असल्यामुळे जिंकायचं ते वारा वाचून. मला हा नियम न्याय्य वाटतो. एफ क्लास नावाचा नंतरचा प्रकार कॅनडाच्या जॉर्ज फार्क्वार्सन यांच्या नावावरून ओळखला जातो. त्यात दुर्बीण चालते, रायफलीला पुढे दोन पाय लावून टेकवता येते, आणि त्याच्या टीआर गटात काडतूस तेच असलं तरी वजनाचं बंधन नाही. तिथं लोक १५५ वरून १८५ वर आले, मग २०० वर, आणि काही जण २१५ ग्रेनपर्यंत गेले.

दुसरं उत्तर खांद्यात आहे. नुसत्या गोळीचा हिशेब केला, तर २०० ग्रेनची गोळी १५५ च्या तुलनेत सुमारे १६ टक्के जास्त जोरानं रायफलीला मागे ढकलते. टीआर गटात रायफल दुर्बीण-पायांसकट ८.२५ किलोपेक्षा जड असता कामा नये. त्यामुळे धक्का जिरवायला वजन वाढवता येत नाही. रायफल प्रत्येक गोळीला उडी मारते, थोडी पिळवटते, आणि ती दर वेळी अगदी सारखीच उडावी लागते. दिवसभरात साठ-सत्तर गोळ्या झाल्या की खांदा, मान आणि डोळ्याच्या पापण्या थकतात. पापणी आधीच मिटायला लागली की नेम गेलाच. कागदावर कमावलेले १२ सेंटीमीटर अशा वेळी माणूस स्वतःच घालवून बसतो.

तिसरं उत्तर नळीत आहे, आणि मला वाटतं खरी विद्या इथंच आहे. नळीच्या आतले पीळ किती अंतरात एक पूर्ण फेरा घेतात, यावर गोळी किती फिरणार ते ठरतं. १५५ ग्रेनच्या जमान्यात १३ इंचांत एक फेरा अशा नळ्या चालत. सेकंदाला ९०० मीटर वेगानं त्या नळीतून निघालेली गोळी सेकंदाला २,७०० हून जास्त गिरक्या घेते. गोळी जितकी लांब, तितकी ती उलथण्याची धडपड जास्त करते आणि तितक्या जास्त गिरक्या तिला लागतात. भोवरा उंच असेल तर दोरी जोरात ओढावी लागते, तसं. इंग्लंडमध्ये वूलिचला शिकवणारे गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये याचं सूत्र दिलं: गोळीच्या जाडीचा वर्ग घ्या, १५० नं गुणा, गोळीच्या लांबीनं भागा, सगळं इंचांत; येतं ते एका फेऱ्याचं अंतर. या सूत्रात वजन कुठंही येत नाही, फक्त लांबी येते. जड गोळीला दाट पीळ लागतो तो ती लांब असते म्हणून. २०० ग्रेनची गोळी १३ इंचांच्या जुन्या नळीतून झाडली तर ती डगमगेल, कागदाला आडवं भोक पाडेल. तिला १० इंचांत एक फेरा लागतो. म्हणजे गोळीचं वजन बदलायचं तर नळी बदलायची, आणि नळी बदलायची तर सगळा जमवलेला हिशेब पहिल्यापासून.

याची सर्वांत ठळक साक्ष सैनिकी बंदुकीत सापडते. अमेरिकेच्या एम-१६ ची मूळ गोळी ५५ ग्रेनची होती आणि नळी १२ इंचांत एक फेरा घेणारी. नाटो देशांनी ६२ ग्रेनची लांब गोळी ठरवली तेव्हा नळीचे पीळ दाट करावे लागले, आणि अमेरिकेनं ते ७ इंचांवर आणले. सात ग्रेन म्हणजे पावणेचार गुंजांचा फरक! इथं भुकूमच्या डोंगरापलीकडे पाषाणला १९५८ मध्ये स्थापन झालेली आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट आहे. इन्सास रायफल तिथं घडली, तीही याच ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसाची. पलीकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. पुण्याच्या परिसरात गोळीच्या वजनाचा विचार करणारी माणसं दीडशे वर्षं राबत आली आहेत, हे आपण पौड रोडच्या रहदारीत विसरून जातो.

आणि नुसतं वजन माणसाला कसं फसवतं, त्याचा एक नमुना सांगतो. अमेरिकेत १६८ ग्रेनची एक स्पर्धेची गोळी निघाली, ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी. त्या अंतरावर ती इतकी अचूक की तिचं नाव सर्वतोमुखी झालं. मग लोकांनी ती हजार यार्डांवर नेली आणि गोळ्या भरकटायला लागल्या. कारण तिच्या शेपटाचा उतार होता १३ अंशांचा, बराच तीव्र. हजार यार्डांच्या जवळ पोचताना तिचा वेग आवाजाच्या वेगाशी येऊन भिडतो, आणि त्या धक्क्यात असा तीव्र शेपटाचा देह डळमळतो. तिच्याहून १३ ग्रेननं हलकी असलेली पाल्माची १५५ ग्रेनची गोळी मात्र मुद्दाम अशी घडवलेली, की हजार यार्डांपर्यंत तिनं आवाजाच्या वर राहावं. तिथं हलकीनं जडला मागे टाकलं. म्हणून कुणी नुसता ग्रेनचा आकडा सांगून गोळीची शिफारस करत असेल, तर अंतर, वेग, नळीचे पीळ आणि गोळीची घडण विचारल्याशिवाय ती मानू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे हजार यार्डांचा हा खेळ रुजलेला नाही. मोठ्या बोअरची आपली स्पर्धा म्हणजे ३०० मीटर, आणि तिचं माहेर महू. बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मगाव म्हणून मराठी माणसाला माहीत असलेल्या या गावी लष्कराचं मार्क्समनशिप युनिट आहे. ३०० मीटरवर १० गुणांचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं असतं. जगात या स्पर्धेत आता ६ मिलिमीटरची बारीक गोळी पुढे आली आहे, १०५ ग्रेनच्या आसपासची. पॉइंट थ्री-झिरो-एटच्या गोळीपेक्षा ती कितीतरी हलकी, पण जाडीच्या मानानं लांब आणि सडपातळ. त्यामुळे हवेत ती जड गोळीसारखी वागते आणि खांद्याला हलकी लागते. वजन कमी करून जडपणाचा फायदा मिळवायची ही युक्ती मला सगळ्यात आवडते. आपली राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकारानं. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा ही आजही नवख्या नेमबाजाची राष्ट्रीय पातळीवरची पायरी आहे. गुजरातेत स्थिरावलेल्या मराठी घरातला हा माणूस नेमबाजांच्या तोंडी रोज असतो, "मावळणकर खेळलास का?" एवढ्यापुरता का होईना.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तिच्या पॉइंट टू-टू काडतुसातली गोळी ४० ग्रेनची असते, एकवीस गुंजांची. जगातल्या जवळजवळ सगळ्या स्पर्धेच्या पॉइंट टू-टू गोळ्या तेवढ्याच वजनाच्या. त्या काडतुसात ६० ग्रेनची लांब गोळीही कुणी कुणी बनवली, पण या रायफलींचे पीळ १६ इंचांत एक फेरा घेतात. त्या नळीतून निघालेली ६० ग्रेनची गोळी धड स्थिर राहत नाही. म्हणजे तिच्यापुरतं जड गोळीचं दार बंद आहे.

मग वेग वाढवावा? इथं दिदिआँचा नियम उलटाच निकाल देतो. स्पर्धेची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटरनं निघते, आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. ५० मीटरवर हवा तिचा सुमारे ७ हजारांश सेकंद खाते, म्हणजे सेकंदाला एक मीटर आडव्या वाऱ्यात ती जवळपास ७ मिलिमीटर सरकते. तीच ४० ग्रेनची गोळी सेकंदाला ३८० मीटरनं सोडली, तर ती आवाजाच्या वेगाच्या त्या खडबडीत पट्ट्यातून प्रवास करते, रॉबिन्सनं पाहिलेल्या त्याच उसळलेल्या विरोधातून. लक्ष्यावर ती लवकर पोचते खरी, पण गमावलेला वेळ वाढतो आणि ती वाऱ्यात जास्त वाहते. सावकाश निघालेली गोळी वारा कमी खाते, हे मुलीला पटवायला मला कागद-पेन्सिल घ्यावी लागली.

सात मिलिमीटर म्हणजे किती? ५० मीटरच्या लक्ष्यावर १० चं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, पाच रुपयांच्या नाण्याच्या निम्मंही नाही. दशांशात मोजताना दर ०.८ मिलिमीटरला एक दशांश कमी होतो. अगदी मधोमध, १०.९ ला लागणारी गोळी एवढ्याशा झुळकीनं १०.१ वर येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे बालेवाडीत घडला. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत त्यानं ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण घेतले आणि कांस्यपदक जिंकलं. सरासरी गोळीमागे सव्वादहा. गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून, तिन्ही मिळून. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ मारून जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच. तीन गुण हुकले, साठ गोळ्यांत. वाऱ्यानं गोळी कितपत ढळते हे कळल्यावर हे आकडे वाचताना माझा श्वास अडकतो.

वजन निवडता येत नाही, तरी निवड सुटत नाही. ती लॉटवर येते. कारखान्यात एका वेळी, एकाच मालातून बनलेल्या काडतुसांना एक क्रमांक असतो. दोन लॉटमध्ये गोळी ४० ग्रेनचीच, कंपनी तीच, डबा त्याच रंगाचा. पण दारूच्या ज्वलनात, मेणाच्या लेपात, गोळीच्या घडणीत केसाएवढा फरक असतो, आणि प्रत्येक रायफलीची नळी त्यातला एखादाच लॉट मनापासून स्वीकारते. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन जर्मनी-इंग्लंडमधल्या काडतूस कंपन्यांच्या चाचणी बोगद्यांत जातात. तिथं वारा नाही, माणसाचा हात नाही. नळी शिकंज्यात घट्ट आवळायची, एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडायच्या आणि कुठल्या लॉटचा घोळका सर्वांत लहान येतो ते पाहायचं. जो लॉट जमला त्याची हजारो काडतुसं एकदम विकत घ्यायची, कारण तो संपला की तसाच पुन्हा बनत नाही. आपल्या मुलामुलींना ही सोय सहज मिळत नाही, त्याची मला खंत वाटते. त्यांना दोन-तीन लॉटच्या एकेक डबीवर, उघड्या मैदानावर, पडत्या-वाढत्या वाऱ्यात ठरवावं लागतं.

हवेचीही एक बाजू आहे. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. तापमान सारखं धरलं तर इथली हवा वरळीच्या रेंजपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ, म्हणून बालेवाडीत गोळी वाऱ्यात तेवढीच कमी वाहते. मुंबईला स्पर्धेला गेलं की हा हिशेब बदलतो. आणि पावसाळ्यात मुळशीत आपण "हवा जड झालीय" म्हणतो ना, ते गोळीच्या दृष्टीनं उलटं आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. तीस अंशांवर पूर्ण दमट हवा कोरडीपेक्षा दीड टक्का हलकी भरते. गोळीला पावसाळी हवा किंचित सोपीच जाते. अडवतो तो अंगाला चिकटणारा घाम.

बालेवाडीच्या ५० मीटरच्या रेंजवर नियमाप्रमाणे १० आणि ३० मीटरवर वाऱ्याच्या पताका असतात, तीन बोटं रुंद आणि हातभर लांब. नवखा मुलगा लक्ष्याजवळची पताका बघतो, कारण गोळी तिथं जाऊन लागते. पण १० मीटरवरची पताका जास्त बोलते. सुरुवातीलाच गोळीला जो आडवा कल मिळतो, तो ती पुढच्या सगळ्या वाटेवर घेऊन जाते. शेवटच्या दहा मीटरांतल्या वाऱ्याला तिला हलवायला वेळच उरत नाही. एप्रिलच्या उन्हात दुर्बिणीतून पाहिलं तर लक्ष्यापुढे मृगजळ हलतं, आणि त्याच्या लाटा कुठं वाहतात यावरून अनुभवी नेमबाज वारा वाचतो. अशा वेळी बहुतेक जण एक ओळखीचा वारा निवडतात. पताका त्या ठरावीक कोनात आली की गोळी सोडायची. नाही आली तर थांबायचं.

ऑक्टोबरात भुकूमच्या भातखाचरांत लोंब्या धरलेल्या असतात. संध्याकाळी गच्चीत उभं राहिलं की पश्चिमेच्या डोंगराकडून झुळूक उतरताना खाचरातून तिची लाट दिसते. आधी पलीकडच्या बांधाजवळचं भात वाकतं, मग मधलं, मग आपल्या कुंपणालगतचं. मुलगी तिथं रिकाम्या हातानं उभी राहून सराव करते. मी म्हणतो, "आता?" ती मान हलवते. लाट येते, निघून जाते, मागे बारकी दुसरी येते. "आता?" "नाही बाबा, ही डावीकडून जास्त आहे." ती आणखी एका लाटेची वाट बघत उभी राहते, तर्जनी बाजूला ताठ ठेवून, चापावर न नेता.